घरात वाढलेला बीगल सशाच्या मागावर चालतो का?

पेनसिल्व्हेनियातल्या एका कुटुंबाने आठ आठवड्यांचं बीगलचं पिल्लू आणलंय आणि त्यांचे तीन प्रश्न आहेत. नवऱ्याला ते सशांच्या शिकारीसाठी तयार करायचंय, पण एका जुन्या शिकाऱ्याने त्याला बजावलंय की सोफ्यावर वाढलेल्या कुत्र्याचं नाक मरतं, पिल्लू बाहेर केनेलमध्येच, म्हणजे कुत्र्याच्या अंगणातल्या खुराड्यातच ठेव. बायकोला काळजी आहे की सशामागे धावायला शिकलेला कुत्रा उद्या मुलांवर उलटेल. मुलं सहा आणि नऊ वर्षांची आहेत. तिसरा प्रश्न दोघांचा मिळून: एकच पुरे, की त्याच वेतातलं दुसरंही आणावं?

मी गेली २२ वर्षं बीगल पाळते आहे. सगळे घरात झोपले आणि सगळे सशामागे पळाले. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी ठामपणे देते. नाक घरात मरत नाही. तुम्ही ते घडवूही शकत नाही, ते आईबापांकडून येतं. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी २० कोटींच्या वर असतात, माणसाच्या नाकात जेमतेम ५०-६० लाख. अंथरुणात झोपल्याने त्या कमी होत नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर प्रवाशांच्या सामानातली फळं आणि मांस हुंगून काढायला बीगल आणले. एवढ्या गर्दीत, पोराबाळांच्या आणि बॅगांच्या मधून हा कुत्रा कोणाला न घाबरवता फिरतो आणि नाकही चोख चालवतो, म्हणून तो तिथे टिकला. माणसाळलेपणा आणि नाक एकाच कुत्र्यात सुखाने राहतात.

तो शिकारी मात्र अगदीच खोटं बोलत नाहीये. घरातले बीगल बिघडलेले त्यानेही पाहिले असतील, मीही पाहिलेत. ते जाड झालेले असतात, गालिच्यावर वावरून त्यांचे तळवे मऊ पडलेले असतात, आणि दीड वर्षाचे होईपर्यंत त्यांनी ससा पाहिलेलाच नसतो. अशा कुत्र्याला एकदम नोव्हेंबरच्या थंडीत काटेरी जाळीत सोडलं तर तो मालकाच्या पायांत घुटमळणारच. हा दोष घराचा नाही, राहून गेलेल्या महिन्यांचा आहे.

महिन्यांचा हिशेब सांगण्याआधी सशाबद्दल थोडं सांगते, कारण ससा कसा पळतो ते समजल्याशिवाय बीगल कसा हवा ते समजत नाही. तुमच्याकडचा कॉटनटेल जातीचा ससा उठवला की सुरुवातीला सुसाट पळतो, मग थांबतो, कान उभे करून ऐकतो. कुत्र्याचा आवाज जवळ आला की पुन्हा निघतो. त्याचा सगळा मुलूख काही एकरांचा असतो आणि ओळखीची झुडपं सोडून जाणं त्याला नको असतं. म्हणून तो फेर घेत घेत जिथून उठला त्याच्या आसपास परत येतो. शिकारी तिथेच गप्प उभा असतो. बीगलने ससा पकडायचा नसतो, त्याने फक्त माग न सोडता, आवाज देत (म्हणजे मागावर भुंकत), सशाला त्या फेरात चालतं ठेवायचं असतं. फार वेगाचा कुत्रा सशाच्या अंगावर जातो आणि मग ससा फेर सोडून थेट बिळात शिरतो. कॉटनटेल स्वतः बीळ खणत नाही, पण ग्राउंडहॉग नावाच्या बीळ खणणाऱ्या प्राण्याची बिळं त्याला पाठ असतात. ससा बिळात गेला की खेळ संपला. म्हणून मला मध्यम चालीचा, मागाला चिकटून राहणारा, माग खरंच मिळाला तरच भुंकणारा कुत्रा आवडतो. अमेरिकन केनेल क्लब या कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने बीगलच्या दोन उंच्या मान्य केल्यात: १३ इंचांपर्यंत, आणि १३ ते १५ इंच. दोन्ही चालतात. दाट जाळीत छोटा सहज घुसतो, खोल बर्फात मोठ्याला सोपं जातं, याहून जास्त फरक मी मानत नाही. पिल्लाचे आईबाप सशाच्या मागावर चालतात की नाही, हे उंचीपेक्षा शंभरपट महत्त्वाचं आहे. ज्याच्याकडून पिल्लू घेतलंत त्याला ते विचारा, आणि जमलं तर आईला मागावर धावताना बघून या.

आता शिकवणीकडे येऊ. पहिले दोन महिने जिवंत ससा विसरा. एकच गोष्ट शिकवा: हाक मारली की यायचं. माझी पद्धत साधी आहे. जेवणाचं ताट खाली ठेवण्याआधी शिटीचे तीन छोटे फुंकर, रोज, प्रत्येक जेवणाला. दोन आठवड्यांत ती शिटी पिल्लाच्या पोटात उतरते. मग अंगणात, मग ३० फुटी दोरीवर मोकळ्या जागेत. आलं की खाऊ द्या, गळ्यापाशी हात लावा आणि पुन्हा सोडा. हा ‘पुन्हा सोडा’ भाग बहुतेक लोक विसरतात. ते खेळ संपवायचा असतो तेव्हाच हाक मारतात, आणि बीगल चार दिवसांत ओळखतो की बोलावणं म्हणजे मजा संपली. दहा वेळा बोलावलंत तर नऊ वेळा परत मोकळं सोडा. आणि कितीही वेळ लावून, कितीही चिखलात लोळून आलं, तरी आल्यावर रागवायचं नाही. शिक्षेसाठी जवळ बोलावणं ही या जातीच्या बाबतीत सगळ्यात महाग पडणारी चूक आहे.

याच काळात त्याला सगळं दाखवून घ्या: गाडी, ओढा, उंच गवत, भांड्यांचे आवाज, अनोळखी माणसं, इतर कुत्री. साधारण १४ आठवड्यांपर्यंत पिल्लाचं मन सगळ्यात उघडं असतं. लसी पुऱ्या होईपर्यंत जिथे खूप कुत्री येतात त्या जागा टाळा, पण म्हणून त्याला चार भिंतींत कोंडून ठेवू नका. कडेवर घेऊन फिरवलंत तरी चालतं. तिसऱ्या महिन्यानंतर सशाचं कातडं दोरीला बांधून गवतातून ओढत न्या, शेवटी खाऊ ठेवा, आणि पिल्लाला नाक खाली घालून चालू द्या. सुरुवातीला सरळ रेष, मग एक वळण, मग दोन. मुलांना हे काम फार आवडतं, त्यांनाच करू द्या. पण यात महिनोन् महिने अडकू नका. ओढलेल्या कातड्याचा वास सलग असतो. जिवंत ससा उडी मारतो, आल्या वाटेने मागे फिरतो, बाजूला झेप घेऊन बसून राहतो. त्याचा माग तुटका असतो आणि तो तुटका मागच शिकायचा असतो.

चार-पाच महिन्यांचं झालं की पहाटे किंवा संध्याकाळी, ससे चरायला बाहेर येतात त्या वेळी, कापलेल्या गवताच्या कडेला घेऊन जा. दव असेल, हवा थंड आणि शांत असेल तर उत्तम, कारण ओलसर जमिनीवर वास टिकतो. कोरडा वारा सुटला असेल तर चांगले चांगले कुत्रेही हतबल होतात, त्या दिवशी पिल्लाला नेऊन त्याचा उत्साह मारू नका. ससा दिसला की पिल्लाला दिसू द्या, पळू द्या. डोळ्यांनी सुरू झालेला पाठलाग ससा दिसेनासा झाला की नाकावर येतो. ज्या दिवशी पिल्लू पहिल्यांदा नाक जमिनीला लावून आवाज देतं, तो आवाज तुम्हाला लगेच ओळखू येईल. रोजच्या भुंकण्याशी त्याचं काही नातं नसतं. माझ्या ढोल्याचा पहिला आवाज सहाव्या महिन्यात आला, बिजलीचा चौथ्या महिन्याच्या शेवटी, आणि एका कुत्रीने दहावा महिना उजाडेपर्यंत तोंड उघडलं नाही. पुढे तीच माझी सगळ्यात भरवशाची ठरली. महिने मोजून निराश होऊ नका.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती जवळजवळ सगळ्यांकडून होते. माझी बीगल तारा तेव्हा सात महिन्यांची होती आणि फार हुशार. एका सकाळी तिने ससा उठवला, अर्धा फेर सुंदर चालवला आणि ओढ्याच्या काठी माग तुटला. ससा कुठून गेला ते मी पाहिलं होतं. मला राहवलं नाही. मी धावत गेले, तिला हाक मारली, बोटाने जागा दाखवली. तिला माग मिळाला, मी खूश. पुढच्या वेळी पुन्हा तसंच केलं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून काय झालं, तर माग तुटला की तारा मान वर करून माझ्याकडे बघायची. नाक बंद, डोळे माझ्यावर. ते सुटायला एक अख्खा हंगाम गेला, आणि त्या हंगामभर मी झाडाला टेकून, तोंड बंद ठेवून उभी राहिले. माग तुटला की कुत्र्याने शेवटच्या खात्रीच्या जागेवर यावं, तिथून लहान घेर घ्यावा, मिळालं नाही तर थोडा मोठा घ्यावा. हे त्याला कोणी शिकवू शकत नाही, फक्त शिकण्याची जागा देऊ शकतं. तुम्ही मध्ये गेलात की दोन नुकसानं होतात: तो तुमच्यावर विसंबतो, आणि तुमचे बूट उरलासुरला वासही तुडवतात. ससा हरवला तर हरवू द्या. दुसरा उठेल.

याच कारणासाठी पिल्लाला मोठ्या कुत्र्यांच्या टोळीत टाकू नका. दोन-तीनदा एखाद्या संथ, वयस्क कुत्र्याबरोबर न्यायला हरकत नाही, रानात काय चाललंय ते कळतं. त्यानंतर एकटं. टोळीतलं पिल्लू सशामागे न धावता कुत्र्यांमागे धावतं, आणि सगळे भुंकतात म्हणून भुंकतं. अशी फुकट बोलण्याची सवय लागली की ती काढणं फार जड जातं. उलट्या मागाचं मात्र टेन्शन घेऊ नका. पिल्लं कधी कधी ससा जिकडून आला तिकडे धावत सुटतात. शांतपणे पकडा, दुसऱ्या सशावर सोडा. अनुभवाने वास कुठल्या दिशेला ताजा होतोय ते त्यांचं त्यांना कळतं.

बंदुकीचा आवाज ही घाई करण्याची गोष्ट नाही. एका चुकीच्या दिवशी कुत्रा जन्मभरासाठी बारला घाबरू शकतो. पिल्लाला नेमबाजीच्या मैदानावर ‘सवय व्हावी’ म्हणून नेणारे लोक मी पाहिलेत, कृपया तसं करू नका. आठ-नऊ महिन्यांचं पिल्लू रंगात येऊन मागावर धावत असताना, दोन-तीनशे फुटांवरून, एकच हलका बार. त्याने लक्ष दिलं नाही तर त्या दिवसापुरतं बस. पुढच्या वेळी थोडं जवळून. चपापलं तर काही झालंच नाही असं वागा आणि अंतर वाढवा. कुरवाळायला धावू नका.

शिकारीच्या दिवशी नियम एकच, आणि तो मी माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाकडून वदवून घेते: प्रत्येक कुत्रा कुठे आहे हे माहीत असल्याशिवाय बार काढायचा नाही. बीगल १३ इंचांचा, ससा त्याहून खाली, आणि मध्ये गवत. ससा कुत्र्यांच्या बराच पुढे असेल आणि त्याच्यामागची जमीन स्वच्छ दिसत असेल तरच बंदूक वर करायची. छर्रे दगडावरून किंवा गोठलेल्या जमिनीवरून उसळतात, हेही ध्यानात ठेवा. कुत्र्याला भडक नारिंगी पट्टा घाला, स्वतःही नारिंगी घाला. बऱ्याच राज्यांत शिकाऱ्याला तो कायद्यानेच घालावा लागतो. परवाना, हंगामाच्या तारखा, दिवसाला किती ससे, कुत्र्याला सरावासाठी कोणत्या महिन्यांत सोडता येतं, हे सगळं राज्यागणिक बदलतं आणि दरवर्षीही बदलू शकतं. त्या त्या वर्षीची पुस्तिका वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. हे वाचणाऱ्या भारतातल्या मंडळींसाठी एवढंच: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तुमच्याकडे रानसशाची शिकार हा गुन्हा आहे. कातड्याऐवजी खाऊचा माग काढायला लावा, बीगलच्या नाकाला तेवढंही खूप आहे.

हरीण हा तुमच्याकडचा मोठा धोका. हरणाचा वास दाट, सरळ आणि सोपा असतो. एकदा चटक लागली की बीगल दोन-तीन मैल लांब जातो, रस्ता ओलांडतो, कधी परत येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी हरणं कमी असतील अशीच जागा निवडा. माग फार वेळ सरळ चाललाय, फेर येत नाहीये, असं वाटलं तर ताबडतोब कुत्र्याला अडवा आणि घेऊन निघा. त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा असणं ही चैन नाही. खर्च असतो, पण हरवलेला कुत्रा शोधत रात्र काढलेल्या माणसाला तो खर्च वाटत नाही. शॉक देणाऱ्या पट्ट्याबद्दल माझं मत कडक आहे. मी तो दोनच कुत्र्यांवर, हरणासाठीच आणि अगदी शेवटचा उपाय म्हणून वापरलाय. समोर नक्की हरीणच आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बटण दाबलंत आणि तो ससा निघाला, तर तुम्ही स्वतःच्या हाताने तुमचा कुत्रा संपवलात. वेल्समध्ये तर अशा पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येते: सशामागे धावणारा कुत्रा मुलांवर उलटेल का? सशामागे धावणं आणि माणसावर दात काढणं या कुत्र्याच्या मनातल्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बीगल पिढ्यान् पिढ्या टोळीत राहायला, टोळीत खायला-झोपायला निवडला गेलाय. त्यात भांडखोर कुत्र्याला जागाच नव्हती. माझी मुलगी ढोल्याच्या पोटावर डोकं ठेवून अभ्यास करायची, आणि तोच ढोल्या दुसऱ्या सकाळी तीन तास सशामागे असायचा. मुलांच्या बाबतीत काळजी घ्यायची ती अन्नाची. बीगल अधाशी असतो, आणि काही कुत्रे ताटावर किंवा चोरलेल्या वस्तूवर गुरगुरतात. मुलांना सांगा, तो खाताना त्याच्याजवळ जायचं नाही आणि त्याच्या तोंडातून काही ओढून घ्यायचं नाही. चांगलं काहीतरी दाखवून अदलाबदल करायची. घरात पाळीव ससा किंवा गिनीपिग असेल तर मात्र दोघांना कधीही एकत्र सोडू नका. तिथे माया कामाला येत नाही.

घरात त्रास होतील ते वेगळेच. एकटा पडला की बीगल रडतो, आणि त्याचं रडणं तीन घरं पलीकडे ऐकू जातं. पहिल्या आठवड्यापासून त्याला पाच-दहा मिनिटं एकटं राहायची सवय लावा. कुंपणाखालून तो खणतो, म्हणून जाळी जमिनीत थोडी गाडून घ्या. बागेत किंवा रस्त्यावर तो कधीही पट्ट्याशिवाय सोडण्याइतका भरवशाचा होणार नाही, हे आत्ताच मान्य करा. नाक चालू झालं की कान बंद होतात. कचऱ्याचा डबा झाकणबंद हवा. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं च्युइंगगम त्याच्यासाठी विष आहे, आणि बीगल ते शोधून काढणारच. वजनावर डोळा ठेवा. हाताने चाचपल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. जाड बीगलची पाठ दुखावते, या जातीत मणक्यांच्या चकत्यांचं दुखणं तसंही आढळतं.

घरातल्या कुत्र्याला हिवाळ्यासाठी तयार करायचं तर सप्टेंबरपासून रोज बाहेर चालवा, खडीवरही चालवा, म्हणजे तळवे कणखर होतात. रानातून आल्यावर दर वेळी कान, बगला आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. लोंबते कान आतून ओले राहतात आणि चिघळतात, ते कोरडे करा. ससे साफ करताना हातमोजे घाला. ससा सुस्त वाटला, किंवा त्याच्या यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर तो खाऊ नका. तुलारेमिया हा जंतुरोग सशांमधून माणसाला होतो. आतडी-कोथळा कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, त्यातून त्याला पट्टकृमी होतात. हंगामभर जंताचं औषध आणि हृदयातल्या जंतांवरची गोळी चुकवायची नाही.

राहिला प्रश्न एक की दोन. आत्ता एकच. एकाच वेतातली दोन पिल्लं एकत्र आणली तर ती एकमेकांची होतात आणि तुमची राहत नाहीत. रानातही एक धावतं आणि दुसरं त्याच्या शेपटीमागे धावतं. या पिल्लाला दोन वर्षांचं होऊ द्या. तो एकटा ससा उठवतो, फेर पुरा करतो आणि तीन शिट्यांवर परत येतो असं झालं की दुसरं आणा. तेव्हा त्याला रानात घेऊन जाणारा संथ, जाणता कुत्रा तुमच्या घरातच असेल.